सर्व्हांतेस पुरस्कार आणि घराबाहेर लिहिणारी माणसं

तुमच्यापैकी जे अमेरिकेत वाढले त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी शाळेत स्पॅनिश घेतलं असणार. क्रियापदांचे तक्ते आता विसरला असाल, पण बोर्हेस, ऑक्टाव्हिओ पाझ, मारिओ व्हार्गास योसा ही नावं कुठेतरी कानावरून गेली असतील. या तिघांनाही मिळालेला, आणि स्पॅनिश वाचणाऱ्या जगात सर्वांत मानाचा समजला जाणारा पुरस्कार म्हणजे मिगेल दे सर्व्हांतेस पुरस्कार. पॉडकास्टमध्ये त्याचा नुसता उल्लेख करून आम्ही पुढे गेलो होतो. इथे जरा बैजवार सांगते, कारण त्याच्या विजेत्यांची यादी नीट वाचली तर आपल्यासारख्या, म्हणजे एका देशात राहून दुसऱ्याच देशाच्या भाषेत विचार करणाऱ्या माणसांच्या कामाचं त्यात बरंच सापडतं.

आधी जुजबी माहिती उरकून घेऊ. स्पेन सरकारने हा पुरस्कार १९७५ साली स्थापन केला आणि १९७६ साली तो पहिल्यांदा दिला गेला. एखाद्या पुस्तकासाठी तो देत नाहीत, आयुष्यभराच्या लेखनासाठी देतात. रक्कम १,२५,००० युरो, आजच्या दराने सव्वा कोटी रुपयांच्या आसपास. नाव सहसा नोव्हेंबरच्या सुमारास जाहीर होतं आणि पुढच्या २३ एप्रिलला, सर्व्हांतेसच्या स्मृतिदिनी, माद्रिदपासून तीसेक किलोमीटरवरच्या आल्काला दे एनारेस या त्याच्या जन्मगावी, तिथल्या विद्यापीठाच्या जुन्या सभागृहात स्पेनचा राजा तो प्रदान करतो. मृत लेखकाला तो देता येत नाही, ‘यंदा कुणी लायक नाही’ असं म्हणता येत नाही, आणि दोघांत वाटता येत नाही. हा शेवटचा नियम १९७९ नंतर आला. त्या वर्षी बोर्हेस आणि स्पॅनिश कवी हेरार्दो दिएगो अशा दोघांना मिळून तो दिला होता. तसं पुन्हा कधी घडलं नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. या पुरस्कारासाठी लेखक कुठल्या देशाचा आहे हे विचारत नाहीत. लेखन स्पॅनिशमध्ये आहे ना, एवढंच बघतात. नावं सुचवण्याचा अधिकार ज्यांना आहे त्यांच्यात स्पॅनिश भाषेच्या अकादम्या आहेत, आणि अशा अकादम्या एकूण २३ आहेत. लॅटिन अमेरिकेतल्या देशांच्या तर आहेतच, पण फिलिपिन्सची आहे, आफ्रिकेतल्या इक्वेटोरियल गिनीची आहे, आणि न्यूयॉर्कमध्ये अमेरिकेचीही एक आहे.

आपल्याकडचा याच तोलाचा सन्मान म्हणजे ज्ञानपीठ. मराठीत तो खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा करंदीकर आणि नेमाडे अशा चौघांना मिळाला आहे. ज्ञानपीठासाठी भाषा भारतीय (किंवा इंग्रजी) हवी आणि लेखकही भारताचा नागरिक हवा. म्हणजे तुमच्या ओळखीच्या एखाद्या मावशीने न्यू जर्सीत किंवा लेस्टरमध्ये बसून चाळीस वर्षं उत्तम मराठी कथा लिहिल्या आणि मधल्या काळात तिकडचा पासपोर्ट घेतला, तर तो दरवाजा बंद. ओसीआय कार्ड तिथे कामाला येत नाही. ज्ञानपीठ हा एका देशाचा पुरस्कार आहे, त्यामुळे या नियमात मला काही गैर वाटत नाही. फक्त स्पॅनिशवाल्यांनी तो प्रश्न विचारलाच नाही, तेव्हा पुढे काय काय झालं ते बघण्यासारखं आहे.

पहिला पुरस्कार मिळाला होर्हे गियेन या कवीला. १९७५ म्हणजे स्पेनमध्ये हुकूमशहा फ्रँकोचं शेवटचं वर्ष. पुरस्कार स्थापन केला तो माहिती व पर्यटन मंत्रालयाने, आणि हेच मंत्रालय पुस्तकांवर सेन्सॉरची कात्री चालवत होतं! त्या वर्षीच्या नोव्हेंबरात फ्रँको गेला. पुढच्या वर्षी निवड झाली ती यादवी युद्धाच्या काळात, १९३८ साली, देश सोडून गेलेल्या माणसाची. गियेन मॅसॅच्युसेट्समधल्या वेल्स्ली कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवत होते. आजूबाजूला सगळं इंग्रजी, आणि हे घरी बसून स्पॅनिश कविता लिहिताहेत. त्यांचा ‘कान्तिको’ हा संग्रह १९२८ साली निघाला तेव्हा त्यात ७५ कविता होत्या. तेच पुस्तक ते वाढवत राहिले, आणि १९५० साली शेवटची आवृत्ती आली तेव्हा कविता झाल्या होत्या ३३४. ती आवृत्ती निघाली ब्युनोस आयरेसमध्ये, त्याआधीची मेक्सिकोत.

या शेवटच्या वाक्यावर जरा थांबा. परदेशात राहून मातृभाषेत लिहिणारे जगात भरपूर आहेत. गियेन यांना फायदा हा होता की मायदेशाचा दरवाजा बंद झाला तरी त्यांच्या भाषेला दुसरी घरं होती. मेक्सिकोत ‘फोन्दो दे कुल्तुरा एकोनोमिका’ ही प्रकाशनसंस्था १९३४ साली सुरू झाली होती, ब्युनोस आयरेसमध्ये ‘लोसादा’ १९३८ साली. स्पेनमध्ये जे छापता येत नव्हतं ते तिकडे छापलं जाई. तिथे संपादक होते, मुद्रितं तपासणारे होते, आणि ज्याला स्पेनशी काही देणंघेणं नाही असा वाचकही होता. राफाएल आल्बेर्ती (१९८३चे विजेते) सुमारे अडतीस वर्षं आर्जेन्टिना आणि रोममध्ये काढून १९७७ साली परतले. मारिया साम्ब्रानो या तत्त्वज्ञ लेखिकेने १९३९ साली देश सोडला. मेक्सिको, क्युबा, पोर्तो रिको, इटली, फ्रान्स, स्वित्झर्लंड असं करत त्या १९८४ साली माद्रिदला परत आल्या. पंचेचाळीस वर्षं! १९८८ साली सर्व्हांतेस मिळवणारी पहिली बाई त्याच. तब्येत इतकी ढासळली होती की समारंभाला त्यांना जाता आलं नाही. भाषण दुसऱ्या कुणीतरी वाचलं.

मग सत्तरच्या दशकात वारं उलटं वाहू लागलं. उरुग्वे, चिली, आर्जेन्टिना एकेक करून लष्कराच्या हाती गेले आणि तिथले लेखक स्पेनकडे निघाले. उरुग्वेच्या हुआन कार्लोस ओनेत्तींना १९७४ साली तुरुंगात टाकलं. गुन्हा काय, तर ते एका कथास्पर्धेचे परीक्षक होते आणि निवडलेली कथा सरकारला खुपली. सुटल्यावर ते माद्रिदला गेले, १९८० साली त्यांना सर्व्हांतेस मिळाला, आणि उरुग्वेत लोकशाही परत आल्यावरही ते काही परतले नाहीत. शेवटची कित्येक वर्षं तर ते पलंगावरूनच फारसे उठत नसत. वाचन, लेखन, सिगारेट सगळं तिथेच. त्याच देशातल्या क्रिस्तिना पेरी रोस्सी १९७२ साली बार्सिलोनाला पळाल्या आणि तिथल्याच झाल्या. त्यांना २०२१चा पुरस्कार मिळाला, म्हणजे निघाल्यापासून जवळजवळ पन्नास वर्षांनी.

या दोन घरांच्या येण्याजाण्याचा हिशेब कुठे लिहून ठेवला असेल, तर तो सर्व्हांतेसच्या यादीत आहे. मराठीचं तसं नाही. आपली पुस्तकं छापणारी, तपासणारी, त्यावर भांडणारी बहुतेक सगळी माणसं पुणे-मुंबई-नागपूर-कोल्हापूर-औरंगाबाद या पट्ट्यात आहेत. बाहेर राहून लिहिणाऱ्याने हस्तलिखित पाठवायचं ते तिकडेच. त्यामुळे परदेशातलं मराठी लेखन मराठी वाचकाला बऱ्याचदा ‘तिकडची गंमत’ म्हणून पोचतं, लेखन म्हणून पोचत नाही, असं माझं मत आहे. तुमचं वेगळं असू शकतं, कळवा.

ज्याच्या नावाने हा पुरस्कार आहे त्याचीही थोडी हकीकत सांगायला हवी. ‘डॉन किहोते’ (आपण शाळेत ‘डॉन क्विक्झोट’ म्हणायचो तोच) लिहिणारा सर्व्हांतेस पाच वर्षं अल्जियर्समध्ये कैदेत होता. सुटून आल्यावरही पैशाची चणचण कायम. १५९० साली त्याने अमेरिकेतल्या वसाहतींमध्ये नोकरी मिळावी म्हणून राजदरबारी रीतसर अर्ज केला. रिकाम्या जागा कोणत्या हेही त्यात लिहिलं होतं. एक ग्वातेमालात, एक आजच्या बोलिव्हियातल्या ला पासमध्ये. उत्तर आलं ते साधारण असं, की इथेच जवळपास काहीतरी बघा. व्हिसा नाकारल्याचं पत्र ज्यांनी कधी हातात घेतलं आहे त्यांना या माणसाबद्दल लगेच आपुलकी वाटेल.

क्युबाचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. या छोट्या बेटाला तीन सर्व्हांतेस मिळाले आहेत. १९७७चे आलेहो कार्पेन्तिएर कास्त्रो सरकारचे पॅरिसमधले अधिकारी होते. १९९२च्या दुल्से मारिया लोयनास हवानातच राहिल्या, पण क्रांतीनंतर दशकानुदशकं त्यांचं जवळजवळ काहीच प्रसिद्ध झालं नाही. जुन्या घरात त्या गप्प बसून होत्या आणि लोकांना त्या हयात आहेत हेही विसरायला झालं होतं. पुरस्कार जाहीर झाला तेव्हा त्या नव्वदीला टेकल्या होत्या. १९९७चे गियेर्मो काब्रेरा इन्फान्ते कास्त्रोंचे कट्टर विरोधक. ते लंडनमध्ये राहिले, ब्रिटिश नागरिक झाले, इंग्रजीतही त्यांनी लिहिलं, आणि २००५ साली तिथेच वारले. एक सरकारचा, एक सरकारविरोधी, एक मौनात गेलेली. तिघांना एका पंगतीत बसवणं हवानात शक्य नव्हतं.

आणि हुआन हेलमान. या आर्जेन्टिनी कवीबद्दल थोडं जास्त सांगते. त्यांचे आईवडील युक्रेनमधून आलेले ज्यू. १९७६ साली आर्जेन्टिनात लष्कराने सत्ता घेतली तेव्हा हेलमान देशाबाहेर होते. लष्कराने त्यांच्या वीस वर्षांच्या मुलाला आणि गरोदर सुनेला उचललं. मुलाचा मृतदेह ओळखला गेला १९९० च्या सुमारास, सिमेंट भरलेल्या पिंपात. सुनेला उरुग्वेत नेऊन तिचं बाळंतपण होईपर्यंत जिवंत ठेवलं होतं. हेलमान नातीला शोधत राहिले आणि २००० साली ती सापडली, तेव्हा ती तेवीस वर्षांची होती आणि दुसऱ्याच कुटुंबात वाढली होती. २००७चा सर्व्हांतेस त्यांना मिळाला तेव्हा ते मेक्सिकोत राहत होते. पुढे वारलेही तिथेच, २०१४ साली.

पण मला सांगायचं आहे ते याच परागंदा वर्षांतलं त्यांचं एक अजब काम. त्यांनी ‘दिबाशू’ नावाचा एक कवितासंग्रह लादिनोमध्ये लिहिला. लादिनो म्हणजे १४९२ साली स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंनी सलोनिका, इस्तंबूल, इझमीर इथे पाचशे वर्षं घरात जपलेली स्पॅनिश. हेलमान यांच्या घराण्याची ती भाषा नव्हती. त्यांचे पूर्वज पूर्व युरोपातले, यिद्दिश बोलणारे. तरी देश गेल्यावर त्यांनी आपल्याच भाषेचं ते घराबाहेर काढलेलं रूप हुडकून काढलं आणि त्यात लिहिलं. आपल्याकडे याच्या आसपासचं काही असेल तर ते इस्रायलमधलं: कोकणातून गेलेल्या बेने इस्राएली लोकांनी तिथे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. मात्र तिथल्या मराठीत लिहून बघावं असं पुण्यातल्या एखाद्या कवीला वाटल्याचं माझ्या वाचनात नाही.

सगळेच विजेते देशोधडीला लागलेले होते असं समजू नका. डेलिब्स, मातुते असे कित्येक जण जिथे वाढले तिथेच राहून लिहिते राहिले. पाझ तर राजदूत होते, १९६२ ते १९६८ दिल्लीत. आणि एलेना पोनियातोव्स्का (२०१३) अगदी उलट्या वाटेने आल्या. जन्म पॅरिसमधला, घराणं पोलिश राजघराण्याशी नातं सांगणारं, घरातली भाषा फ्रेंच. नऊ-दहा वर्षांच्या असताना आईबरोबर मेक्सिकोला आल्या आणि स्पॅनिश शिकल्या ती घरातल्या कामवाल्या बायकांकडून. पुढे १९६८ साली मेक्सिको सिटीत विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, त्यातून वाचलेल्यांचे जबाब गोळा करून त्यांनी पुस्तक केलं. ज्या स्पॅनिशमध्ये ते पुस्तक बोलतं ती रस्त्यावरची, चाळीतली आहे. राजाच्या हातून पुरस्कार घ्यायला त्या गेल्या त्या हुचितानच्या बायकांनी भरतकाम केलेला लाल-पिवळा पोशाख घालून. तुमच्यापैकी ज्यांना ‘माझं मराठी आजीकडून आलेलं, स्वयंपाकघरातलं’ असं सांगताना उगीच ओशाळं वाटतं, त्यांनी पोनियातोव्स्का वाचाव्यात.

आता थोडी भांडणं. स्पॅनिश मातृभाषा असलेले जगात पन्नास कोटींच्या आसपास आहेत आणि स्पेनची लोकसंख्या पाच कोटींच्या आत. पण २०२५ पर्यंतच्या ५१ विजेत्यांत २६ स्पेनचे आहेत. एक वर्ष स्पेनला, एक वर्ष लॅटिन अमेरिकेला असा न लिहिलेला रिवाज बरीच वर्षं पाळला गेला. अलीकडे तो थोडा सैल झाला आहे. उरलेल्या एवढ्या मोठ्या खंडाला निम्म्याहून कमी, हे कुठल्या तराजूत बसतं? इक्वेटोरियल गिनीला तर एकदाही नाही. बायका सहाच: साम्ब्रानो, लोयनास, मातुते, पोनियातोव्स्का, इदा व्हिताले, पेरी रोस्सी. शिवाय ज्या राजसत्तेने या देशांना तीनशे वर्षं वसाहती म्हणून वापरलं तिच्याच राजाच्या हातून मान घ्यायचा, हा काटा आहेच. आल्कालाच्या सभागृहात सगळे जण तो गिळत नाहीत. हुआन गोयतिसोलो स्पेनचेच, पण आयुष्य काढलं पॅरिस आणि माराकेशमध्ये. या पुरस्कारावर त्यांनी आधी कडाडून टीका केली होती. २०१४चा त्यांनाच मिळाला, तेव्हा समारंभाचा शेपटीवाला कोट न घालता साध्या जाकिटात गेले, आणि भाषण अगदी छोटं, थेट राजकीय केलं. कामिलो होसे सेला यांनी तर नोबेल मिळाल्यानंतरही हा मिळत नाही म्हणून त्याला छापता येणार नाही अशी शिवी घातली होती. १९९५ साली मिळाला, तेव्हा घेतला.

तरी या दोन घरांचा उपयोग अजून संपलेला नाही. निकाराग्वाचे सेर्हियो रामिरेस हे एके काळी दानिएल ओर्तेगांचे उपराष्ट्राध्यक्ष. २०१७चा पुरस्कार घ्यायला ते एप्रिल २०१८ मध्ये आल्कालात उभे राहिले तेव्हा त्यांच्या देशात नुकताच निदर्शकांवर गोळीबार सुरू झाला होता. कोटावर काळी फीत लावून त्यांनी पुरस्कार मेलेल्यांना अर्पण केला. २०२१ साली त्यांच्यावर अटकेचं वॉरंट निघालं, ते स्पेनमध्ये राहिले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ओर्तेगा सरकारने त्यांचं नागरिकत्वच काढून घेतलं. नागरिकत्वाची अट असलेल्या कुठल्याही पुरस्काराच्या यादीतून ते त्या दिवशी बाहेर पडले असते.

जीवनगौरव म्हटलं की उशीर आलाच. फ्रान्सिस्को ब्रिनेस यांना २०२०चा मिळाला. प्रकृतीमुळे ते जाऊ शकत नव्हते म्हणून १२ मे २०२१ रोजी राजा-राणी त्यांच्या गावच्या घरी जाऊन पुरस्कार देऊन आले. २० मेला ब्रिनेस गेले. चिलीचे निकानोर पार्रा सत्त्याण्णव वर्षांचे होते. त्यांनी नातवाला पाठवलं, आणि भाषण तयार करायला अजून एक वर्ष हवं असा निरोप दिला.

आपल्याकडे या सगळ्याचं एक उलटं चित्र आहे, ते सांगायला हवं. अमेरिकेतल्या मराठी लोकांचं महाराष्ट्र फाउंडेशन १९९४ पासून महाराष्ट्रातल्या लेखकांना पुरस्कार देतं, त्यात एक साहित्य जीवनगौरवही आहे. स्पॅनिशमध्ये जुनं केंद्र बाहेरच्यांना मान देतं, मराठीत बाहेर गेलेले केंद्राला देतात. पैसा आणि कौतुक इकडून तिकडे जातं. पुस्तकं तिकडून इकडे येतात, तीही सामानात जागा उरली तर. बाहेर लिहिलेलं मराठी तपासून, छापून, बाहेरच्याच वाचकाला विकणारं घर अजून कुणी बांधलेलं नाही. ओळीने बोलणारी मुलं भरपूर असलेल्या गावांत, उदाहरणार्थ बे एरियात किंवा दुबईत, ते का होऊ नये हे मला खरंच कळत नाही.

स्पेनमध्ये कधी गेलात तर एक जागा बघा. माद्रिदच्या आल्काला रस्त्यावर सर्व्हांतेस संस्थेची इमारत आहे. आधी ती एका बँकेची होती. तळघरात बँकेची तिजोरी अजून आहे, आणि तिच्या लॉकरमध्ये आता लेखकांच्या वस्तू ठेवतात. लॉकर कधी उघडायचा हे लेखक ठरवतो. पार्रा यांचा टाइपरायटर तिथे आहे. पहिला लॉकर भरला तो २००७ साली फ्रान्सिस्को आयाला यांनी. आर्जेन्टिना, पोर्तो रिको, अमेरिका असा फेरा करून परतलेले हे १९९१चे विजेते तेव्हा शंभर वर्षांचे होते. उघडायची तारीख त्यांनी पन्नास वर्षांनंतरची दिली आहे, २०५७.